मेंढीची साक्ष आणि माझी वही

नाना, काल मोठ्या आईनं तुमची कातर बाहेर काढली. इतकी वर्षं ती फडक्यात गुंडाळून छपराच्या वाशाला खोचलेली होती. तिनं ती उन्हात धरून पुसली, पात्यांवरून तेलाचं बोट फिरवलं, दोनदा उघडझाप करून पाहिली आणि परत गुंडाळून ठेवली. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. पाहुणे गेले, घर मोकळं झालं. मी ओट्यावर बसून मोठ्या आईकडे बघत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. ती कातर वाशालाच का राहिली, त्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, जी तिला माहीत नाही. तुम्हालाही नव्हती.

ती सांगण्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्यासमोर कधी सांगता आली नाही. मला कुणासमोरच फारसं बोलता येत नाही. "आमच्या म्याडमच्या तोंडाचं कुलूप कुनाकडं हाय?" असं तुम्ही घरभर विचारत फिरायचात. मी हसायचे. हसलं की बोलावं लागत नाही, हे मी फार लवकर शिकले होते.

पप्पा तुमचे धाकटे भाऊ. ते नोकरीला लागले आणि मला बीडच्या इंग्रजी शाळेत घातलं. तुम्ही मेंढरांमागे राहिलात. वडवणीच्या कडेला आपलं एकच घर, त्याला दोन दारं. तुमच्या दारातून लोकरीचा आणि लेंड्यांचा वास यायचा, म्हणून मी मैत्रिणींना घरी आणायचे नाही. हे तुम्हाला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असणार. तुम्हाला मेंढीच्या कानावरून तिचा ताप कळायचा.

कातरणीच्या दिवसांत तुम्हाला लांबलांबून बोलावणं यायचं. मेंढी आडवी पाडून गुडघ्याखाली धरायची आणि मानेपासून कातर चालवायची, ती शेपटीपर्यंत. सगळी लोकर गोधडीसारखी एकसंध उतरायची. मी लहानपणी ते बघत बसायचे. मग एका वर्षी आपल्या हरणी मेंढीच्या पोटाला कातर लागली. दोन बोटं लांब जखम. तुम्ही त्यात हळद भरली, तिचे पाय सोडले, कातर खाली ठेवलीत आणि आपल्याच उजव्या हाताकडे बघत बसलात. "ह्यो दुसऱ्याचं ऐकाया लागलाय," म्हणालात.

नंतर पाय. तुम्ही पाय रुंद टाकून झुलत चालायला लागलात. बोलणं जड झालं, शब्द तुकड्यातुकड्यांनी यायला लागले. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला गावानं दारुडा ठरवून टाकलं. रस्त्यापलीकडच्या पानटपरीवरून आवाज यायचा, "काय नाना, आज दुपारीच का?" तुम्ही थांबायचात, तोल सावरायचात आणि सांगायचात, "देवानंच पाजलीय बाबा, उतरंना बघ." ते हसायचे, तुम्हीही हसायचात. मी दाराआड उभी राहून डोळे पुसायचे. खरं म्हणजे मला तेव्हा तुमच्या हसण्याचा राग यायचा.

टपरीचं तुम्ही मनाला लावून घेतलं नाहीत. मनाला लागलं ते हरणीचं. कळपाच्या पुढं चालणारी मेंढी ती. तुम्ही निघालात की ती मागे, आणि तिच्यामागे सगळी. तुमची चाल बिघडली तशी ती येईना. जागेवर उभी राहून कान हलवायची. "मेंढरू तोंड बघून येत न्हाई, पाय ऐकून येतं," तुम्ही मला सांगितलंत. "तिला वाटतं दुसराच कोन तरी चाललाय." हे सांगताना तुमचा आवाज इतका साधा होता की मी मोबाईलमधून डोकं वर काढलं.

मग शहरातलं ते मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांनी तुम्हाला बोटानं नाकाचा शेंडा शिवायला लावला, पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला लावलं. तुम्ही तिसऱ्या पावलाला माझ्या अंगावर आलात. लहान मेंदू झिजतो आहे, असं ते म्हणाले. घराण्यातून येणारा आजार. आज्जा शेवटी असेच झुलायचे, ते पप्पांना तेव्हा आठवलं.

वर्षभरानं त्याच डॉक्टरांनी परत बोलावलं. एका औषधाचा अभ्यास करायचा होता. मेंदूच तयार करतो असं एक हार्मोन, थायरॉइडच्या गाठीला कामाला लावणारं. जपानमध्ये अशा आजारात त्याची इंजेक्शनं देतात, आपल्याकडे नीट तपासून पाहिलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत आणि विचारलंत, "म्हंजी म्हशीनं पान्हा चोरला की सुई देतेत, तसलं का?"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. "जात तीच म्हणा नाना. काम वेगळं."

"मग मला काय फुटंल?"

"कदाचित काहीच नाही. आजार बरा होणार नाही, हे आधीच सांगतो. एखाद्याची चाल थोडी सावरते, बोलणं थोडं सुटतं. तुमचं सावरेल का, ते बघायचं."

"कातर धरता यील का?"

"ते मी सांगू शकत नाही. रोज मोजून लिहाल ती वही सांगेल."

पंधरा दिवस औषध, मग मधे थोडे दिवस काही नाही, मग पंधरा दिवस नुसतं मिठाचं पाणी. किंवा आधी पाणी आणि नंतर औषध. कुठलं कधी, ते तुम्हालाही कळणार नव्हतं, मलाही नाही, सुई देणाऱ्या सिस्टरलाही नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता, त्याच सपाट जागेवर, दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोजून लिहायचं. वहीत फरक दिसला, तर त्या माणसाला पुढं वर्षभर औषध मिळणार. नाही दिसला, तर नाही. फॉर्म इंग्रजीत होता. मी तो तुम्हाला ओळ न् ओळ मराठीत सांगितला. ते काम मी नीट केलं होतं. एवढं तरी मला लिहू द्या.

"वही आमची म्याडम लिवंल," तुम्ही डॉक्टरांना म्हणालात. "विंग्रजी शाळंतली हाय. एक आकडा इकडचा तिकडं व्हायचा न्हाई." आणि परतीच्या एसटीत मोठ्या आईला कोपरानं ढोसून म्हणालात, "आपलं चालनं आता बुकात जानार बघ."

"आधी बसमधून उतरा नीट," मोठी आई म्हणाली.

आपल्याकडे सपाट आणि सरळ जागा एकच, घरासमोरचा सिमेंटचा रस्ता. एका टोकाला आपला ओटा, दुसऱ्या टोकाला एसटी थांबते ते झाड, मधे पलीकडच्या बाजूला टपरी. मी टेपनं दहा मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्यानं रेघ मारली. सकाळी सिस्टर सुई द्यायच्या. त्यानंतर थोडा वेळ तुमचं तोंड लाल व्हायचं आणि मळमळायचं. संध्याकाळी पाचला तुम्ही धुतलेलं धोतर नेसून रेघेवर उभे राहायचात, लग्नाला निघाल्यासारखे.

पहिले तीन दिवस मी मोजलं. टपरीवरची माणसं बाकडं पुढं ओढून बसली. "बघ बे, नानाची परीक्षा चाललीय." "पास झाले तर काय, बाटली?" तुम्ही दुसऱ्या टोकाला पोचून त्यांना हात केलात. मी स्टॉपवॉच बंद केलं. माझे कान तापले होते.

चौथ्या दिवशी पाचची एसटी वेळेवर आली. मी कॉलेजातून चारच्या गाडीनं यायचे, माझ्या वर्गातल्या तिघी पाचच्या. त्या उतरल्या तेव्हा तुम्ही अर्ध्या रस्त्यात होतात. दोन्ही हात पसरलेले, पाय रुंद, डोळे पलीकडच्या रेघेवर. तुम्ही डावीकडे कललात आणि मला हाक मारलीत. मी हलले नाही. तुम्ही स्वतःच सावरलात. तिघींपैकी एकीनं विचारलं, "तुझ्या ओळखीचे आहेत?"

मी म्हणाले, "आमच्या शेजारी राहतात."

खोटं नव्हतंच ते. एक घर, दोन दारं. त्या उत्तराला धरून मी बराच काळ स्वतःला सांगत होते, की मी खोटं बोलले नाही.

त्या दिवशी स्टॉपवॉच चालूच राहिलं. वहीत काय लिहायचं? मी चौदा लिहिले, आदल्या दिवसासारखेच. पाचव्या दिवशी तुम्ही धोतर बदलून तयार होतात. मी म्हणाले, "नाना, आज रस्त्यावर नको. तुम्ही अंगणात चाललात ना मघाशी, मी खिडकीतून मोजलं."

"तितनं दिसतं व्हय?"

"दिसतं."

"बरं," तुम्ही म्हणालात. "तुला ठावं."

एकदाही शंका घेतली नाहीत. पुढचे सगळे दिवस मी वही घरात बसून भरली. नुसते चौदा चौदा लिहिले असते तर डॉक्टरांना कळलं असतं. मी सायन्सची विद्यार्थिनी. खरे आकडे थोडे मागेपुढे हलतात, हे मला माहीत होतं. म्हणून कधी पंधरा लिहिले, कधी तेरा, परत चौदा. एक दिवस तर 'जरा थकलेले' असा शेराही लिहिला. ते आकडे इतके खरे दिसत होते की आज ते आठवले तरी मला तुम्ही चालताना दिसता.

आणि मी बघत होते, नाना. हेच सांगणं सगळ्यांत जड आहे. मी काहीच पाहिलं नाही असं असतं तर निदान आळशी म्हणता आलं असतं. मी सगळं पाहिलं. आठव्या-नवव्या दिवशी तुम्ही बशीतला चहा न सांडता प्यालात. मोठ्या आईला हाक मारलीत ती एका दमात, तुकडे न होता. ती चुलीपासून उठून बाहेर आली आणि विचारलं, "कोन आलंय?" तुम्ही इतके हसलात की उरलेला चहा तेव्हा सांडला.

मग हरणी. अकरावा दिवस असेल. तुम्ही सकाळी मेंढरांच्या वाड्याचं दार उघडून बांधाकडे निघालात, काठी टेकत. हरणीनं कान टवकारले, दोन पावलं पुढे आली, आणि तुमच्या मागे चालायला लागली. तिच्यामागे बाकीची. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. वळलं तर तोल जाईल म्हणून असेल, किंवा खात्री करायची भीती वाटली असेल. बांधापर्यंत तसेच गेलात. परत येऊन धापा टाकत मला म्हणालात, "म्याडम, लिव. हरणी मागं आली."

मी म्हणाले, "नाना, वहीत मेंढीचा रकाना नाही."

"मग करा की रकाना."

"असं नसतं. सेकंद लागतात. मेंढी कशामुळेही येते. भूक लागली असेल, तुमच्या हातात पाला असेल."

"हात रिकामा व्हता. पाय ऐकला तिनं. मेंढी कशापायी खोटं बोलंल?"

मी तुम्हाला समजावलं. पुरावा म्हणजे काय, मोजणं म्हणजे काय, वाटणं आणि असणं यांत फरक काय. मी इतकं सलग तुमच्याशी आधी कधी बोलले नव्हते. तुम्ही तोंड उघडं ठेवून ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "बोलतीस की गं चांगलं." तेव्हा वही माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातला एक आठवड्याचा मजकूर मी रचलेला होता.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला रस्त्यावर न्यायला हवं होतं. मला तसं वाटलंही. पण खरं मोजलं आणि आकडा एकदम खाली आला, तर आधीच्या दिवसांचं काय, हा विचार आला. आणि पाचची एसटी येणार होतीच.

दुसऱ्या खेपेला तुम्ही चौथ्याच दिवशी म्हणालात, "ह्या बाटलीत दम न्हाई. पहिलीच आनाया सांग." मी म्हणाले, तसं सांगता येत नाही. वहीत तेरा, चौदा, पंधरा.

काही महिन्यांनी, सगळ्यांचं झाल्यावर, डॉक्टरांनी आपल्याला बोलावलं. कुणाला कधी औषध दिलं, त्याची बंद चिठ्ठी उघडली होती. तुम्हाला पहिल्या खेपेला औषध होतं, दुसऱ्या खेपेला पाणी. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू आपण दोघांनी मिळून पैज जिंकली. डॉक्टर मात्र वही चाळत होते. पहिले पंधरा दिवस आणि दुसरे पंधरा, दोन्हींत काही फरक नव्हता. कसा असणार? दोन्ही मीच लिहिले होते.

त्यांनी मान वर केली आणि मला इंग्रजीत विचारलं, हे आकडे रोज प्रत्यक्ष मोजलेले आहेत ना? आवाजात संशय नव्हता. उलट मला मोकळं व्हायला वाट ठेवली होती. मी नाही म्हणाले असते, तर कदाचित परत एकदा सुरुवात झाली असती. मी इंग्रजीतच हो म्हणाले. इंग्रजीत ते फार सहज निघालं. तुम्हाला ती भाषा येत नव्हती, म्हणून जणू ते तुमच्यासमोर घडतच नव्हतं.

"काय म्हनले?" तुम्ही मला विचारलंत.

"वही व्यवस्थित ठेवली म्हणाले."

तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "म्हनलं व्हतं ना तुमाला."

मग डॉक्टरांनी तुम्हाला समजावून सांगितलं की औषध पुढे देता येणार नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त म्हणालात, "मला हलकं वाटलंतं ओ सायेब. मेंढी बी मागं आलती." आणि लगेच स्वतःच, "पर वहीत न्हाई म्हनल्यावर न्हाईच की. वाटायचं काय." परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसून होतात. तेलगावच्या अलीकडे कुठेतरी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. तुम्ही कळप संपेपर्यंत मोजत होतात, ओठ हलवत. मी शेजारी होते. तिथून घरापर्यंतचं वीस मिनिटांचं अंतर मी मनात किती वेळा परत गेले आहे. प्रत्येक वेळी वाटतं, आत्ता सांगेन.

त्यानंतर तुम्ही एकदाही रस्त्यावर चाललात असं मला आठवत नाही. चुन्याच्या रेघा पावसात गेल्या. आधी काठी, मग खाट. मेंढरं विकली, एक हरणी तेवढी ठेवली, म्हातारी म्हणून. शेवटच्या वर्षी घास गिळताना ठसका लागायचा, आणि त्या ठसक्यानंच छाती भरली. मोठी आई पेज भरवायची आणि मी तुमच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. तुम्हाला वाटायचं, पोरगी किती माया करते. एकदा तसं म्हणालातही, अर्धे शब्द गिळत. मी पाठ चोळत राहिले. मला दुसरं काही येत नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. मराठीत. सगळं लिहिलं, तिघी मुली, खिडकी, हरणी. परवा दुपारी त्यांचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी मोठ्या आईची चौकशी केली. मग म्हणाले, त्या औषधानं तुमच्यात फरक पडलाच असता असं कुणी सांगू शकत नाही. पडला असता तरी आजार थांबला नसता, हेही त्यांनी सांगितलं. मी हो हो म्हणत होते. मग म्हणाले, "पण नानांची वही आता अभ्यासातून बाजूला काढावी लागेल."

म्हणजे तुमचं चालणं आता बुकात नाही. ते तुम्हाला केवढं वाटलं होतं, आणि तेही मीच पुसलं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, प्रत्यक्ष मोजलेले दिवस कुठले? मी म्हणाले, पहिले तीन. आकडे विचारले. वही डॉक्टरांना देण्याआधी काढलेले तिचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. इतकी वर्षं मी ते पान कधी उघडलं नव्हतं. पहिला दिवस, सोळा. दुसरा, पंधरा. तिसरा, चौदा.

मी तीन आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, तीन दिवसांवरून काही ठरत नाही. सरावानंही माणूस भराभर चालतो. बरोबर आहे. मीही कुणाला हेच सांगितलं असतं.

पण नाना, तिसरा दिवस मला आता आठवतो आहे. तुम्ही पलीकडच्या रेघेवर पोचलात, झाडाला हात टेकलात, टपरीवाल्यांना हात केलात, आणि घामेजलेल्या तोंडानं माझ्याकडे वळून तिथूनच ओरडून विचारलंत, "कमी झालं का गं?" सगळे बघत होते. मी मान खाली घातली आणि वही मिटून घरात निघून आले. तुम्ही ते दहा मीटर एकटेच परत आलात. कुणीच ते मोजले नाहीत.

कमी झालं होतं, नाना. दोन सेकंद.